चिमटलेली बाटली

आमच्या लहानपणी गावात काचेच्या बाटलीला मान होता. आता बाटली रिकामी झाली की कचऱ्यात जाते. तेव्हा ती रिकामी झाली की तिचा खरा संसार सुरू व्हायचा. गळ्याला सुतळी बांधून रॉकेल आणायला तीच, गोडंतेल आणायला दुसरी. वाईला डॉक्टरकडे गेलं तर औषधासाठी बाटली आपली न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल औषध ओतायचा आणि डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवायचा. पोराच्या हातून बाटली फुटली तर त्या दिवशी त्याला जेवणाआधी मार ठरलेला.

आमचं गाव पसरणीच्या घाटाखाली, कृष्णेच्या खोऱ्यात. वर पाचगणीला साहेबांचे नि पारशांचे बंगले. गावातली माणसं तिथं माळी म्हणून, पाणक्या म्हणून, लाकडं फोडायला जायची. त्यांच्याबरोबर घाट उतरून खाली यायच्या त्या विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या आळीत व्हिस्कीचा थेंब कुणी चाखला नव्हता, पण व्हिस्कीची बाटली नाही असं घर सापडलं नसतं. जॉनी वॉकरची चौकोनी बाटली बायकांना फार आवडायची. ती फळीवरून गडगडत नाही आणि चार बाटल्या शेजारी लावल्या तर मधे जागा वाया जात नाही. त्या कंपनीनं 1860 च्या सुमारास नेमका हाच विचार करून ती चौकोनी केली होती, हे मला चाळीस वर्षांनी समजलं. आमच्या बायकांनी ते पुस्तकाशिवाय ओळखलं होतं.

पण सगळ्यांत निराळी बाटली होती आत्तीकडं. ती माझी सख्खी आत्या नव्हे, तात्यांची चुलत बहीण. तिचा नवरा एका बंगल्यावर माळी होता. साहेब देश सोडून गेला तेव्हा त्यानं दिलेल्या सटरफटर सामानात ती बाटली आली. तीन बाजूंची, आणि प्रत्येक बाजू आत दाबलेली. ओल्या मडक्याला कुणी तीन बोटांनी चिमटा काढावा तशी. गळ्यापाशी बारीक तारेच्या जाळीचा तुकडा अडकलेला. आळीत तिला चिमटलेली बाटली म्हणत. आत्ती तिच्यात एरंडेल ठेवायची. आळीतल्या कुठल्याही बाळाचं पोट दुखलं, की त्याची आई संध्याकाळी आत्तीच्या दारात उभी. माझ्या पोटालाही त्याच बाटलीतलं तेल लागलेलं आहे.

पुढं नोकरीनिमित्त मी पुण्याला आलो. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात फिरायची सवय लागली. तिथं गोधडीवर जुनी कुलपं, घड्याळं, कंदील मांडून बसणारे एक चाचा होते. मी काही घेत नसे, नुसता बसे. एकदा त्यांनी एक बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि नख फिरवा." तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

बाटली साच्यात फुंकली की साच्याच्या दोन भागांमधली सांध्याची रेघ तिच्या अंगावर उमटते. ती रेघ नखानं खालून वर तपासत जायचं. गळ्यावरच विरून गेली आणि तोंड गुळगुळीत लागलं, तर तोंड कारागिरानं नंतर हातानं बसवलं आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडं गेली, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत ओवेन्स नावाच्या माणसाचं बाटल्या करणारं यंत्र 1903 साली आलं आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत हातानं फुंकणाऱ्यांचे भाते थंडावले. म्हणून गळ्यावर विरणारी रेघ ही बहुधा त्याआधीच्या वयाची खूण. मग बाटली उलटी करून बूड बघायचं. तिथं काच तुटल्यासारखा खरबरीत व्रण असेल, तर ती लोखंडी दांडीला चिकटवून घडवली होती. असा व्रण साधारणपणे 1860 च्या दशकाआधीचा. काचेत बुडबुडे असले, जाडी एका बाजूला जास्त असली तर बरं. बुडाची कड घासलेली हवी. शंभर वर्षं फळीवर सरकलेली बाटली तळाला कोरी राहत नाही. अमेरिकन बाटलीवर ती पुन्हा विकायला किंवा वापरायला बंदी आहे असं ठसठशीत इंग्रजीत कोरलेलं असेल, तर ती 1935 ते 1964 मधली. तेवढीच वर्षं तिकडं तसा कायदा होता.

रंगालाही भुलायचं नाही. जुन्या पांढऱ्या काचेत मँगनीज असेल तर ती वर्षानुवर्षं उन्हात राहून फिकट जांभळी होते. हे कळल्यावर काही जण काचेवर किरणांचा मारा करून ती मुद्दाम गडद जांभळी करतात. नवख्याला ती दुर्मीळ वाटते, जाणकार तिला हात लावत नाही. शेवटी टिचकी मारून आवाज ऐकायचा. मडकं घेताना आपण करतो तेच. चीर असली की आवाज बसका येतो.

भरलेली बाटली असेल तर चाचा दोन हात लांब राहायचे. आपल्याकडं परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, मग ती आजोबांच्या कपाटातली का असेना. शिवाय आतल्या मालाची खात्री कोण देणार? व्हिस्की लाकडाच्या पिंपात मुरते, बाटलीत नाही. बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत पन्नास वर्षं पडून राहिली तरी ती बारा वर्षांचीच राहते. फक्त बुचातून थोडी थोडी उडून पातळी खाली जाते. लेबल जुनं, बूच जुनं, पण आत काय? 2017 साली स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात एका पाहुण्यानं 1878 चं लेबल असलेल्या बाटलीतल्या एका पेगाला जवळजवळ दहा हजार फ्रँक मोजले. तपासणीत ती दारू 1970 च्या आसपासची निघाली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत अशा 55 दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या 21 खोट्या ठरल्या. अणुचाचण्यांमुळं 1950 नंतर हवेतल्या एका प्रकारच्या कार्बनचं प्रमाण वाढलं आणि ते पिकांत उतरलं. त्यामुळं दारू ज्या सातूची, तो सातू त्याआधीचा की नंतरचा हे ओळखता येतं. सातूच्या दाण्यानं चोराची साक्ष दिली म्हणायची.

आपल्याकडची लबाडी याहून साधी आहे. विलायती दारूची रिकामी बाटली झाकणासकट, खोक्यासकट असली की भंगारवाला दुसऱ्या बाटलीपेक्षा जास्त पैसे देतो. का देतो, हे कुणी विचारत नाही. तिच्यात पुन्हा काहीतरी भरलं जातं आणि ती पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर जाते. चाचा अशी बाटली विकायच्या आधी तिचं लेबल भिजवून काढून टाकायचे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी एका दिवाळीत गावी गेलो आणि आत्तीला भेटायला गेलो. चहा झाला. फळीवर नजर गेली तर चिमटलेली बाटली तिथंच. मी सहज म्हणून ती खाली घेतली. नख फिरवलं. रेघ गळ्यावर विरली. तोंड हातानं बसवलेलं, बूड घासलेलं, काचेत बुडबुडे, जाळीचा तुकडा जुन्या तारेचा. हेग कंपनीची डिंपल, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेला घाट. अमेरिकेत हीच बाटली 'पिंच' या नावानं ओळखली जाते, म्हणजे चिमटाच. आमच्या आळीनं बारसं बरोबर केलं होतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. पण तोंडावर मी काही दिसू दिलं नाही. हे न दिसू देणंही मी बाजारातच शिकलो होतो.

"आत्ती, ही बाटली मला देतेस?"

"ने की. आता एरंडेल कोण लावतंय? पर तुला रं काय करायची?"

"असू दे घरात."

"न्हे मग. पैशे कसले देतोस येड्या?"

मी शंभराची नोट तिच्या हातावर ठेवली. तिनं दोन-तीनदा नको म्हटलं आणि मग ती ओशाळली. जुन्या तेलकट बाटलीचे शंभर रुपये म्हणजे भाच्यानं आपल्याला मदतच केली, असं तिला वाटलं. मिंधं राहायचं नाही म्हणून ती आत गेली आणि पिशवीत दोन शेर घेवडा घेऊन आली. "औंदाचा हाय. सुनंला दे." मी घेवडाही घेतला.

पुढच्या रविवारी जुन्या बाजारात ती बाटली अठराशे रुपयांना गेली.

महिन्याभरानं तात्या पुण्याला आले. जेवताना मी मोठ्या फुशारकीनं सगळं सांगितलं. पारख कशी केली, चेहरा कसा कोरा ठेवला, सगळं. तात्या भात कालवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस का?"

"तिनं विचारलंच नाही."

"हळदीच्या टायमाला म्या बी इचारलं न्हवतं," तात्या म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

हळदीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मी सहावी-सातवीत असेन. त्या साली हळद कधी नव्हे अशी साधली होती. शिजवून, वाळवून, घासून तात्यांनी पोती व्यापाऱ्याकडं नेली. मी बरोबर होतो. व्यापाऱ्यानं एक हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, दुसरं मोडलं, ते नाकाशी धरलं. मग दोन्ही तुकडे पोत्यावर टाकून जांभई दिली आणि म्हणाला, "बरी हाय." दर सांगितला. तात्यांनी मान डोलावली. संध्याकाळी शेजारच्या अडतीत कळलं, की तशा मालाला त्या दिवशी जवळजवळ दीडपट दर होता. व्यापारी खोटं काहीच बोलला नव्हता. हळद बरी होतीच की! तो फक्त गप्प बसला होता. ती जांभई तात्या जन्मभर विसरले नाहीत. आणि मी आत्तीच्या घरात, तिचा चहा पिऊन, तशीच जांभई देऊन आलो होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतःच्या बाजूनं वकिली करत होतो. बैलबाजारात तात्यांचा एक नेम होता. रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बैलाची खोड सांगायचे. मारका असेल तर मारका, पाण्यात बसणारा असेल तर बसणारा. खोड लपवून बैल विकणाऱ्याला गावात पुन्हा कुणी दारात उभं करत नसे. म्हणजे विकणाऱ्यानं खोट सांगावी, हे आपल्याकडं सगळ्यांना मान्य. पण घेणाऱ्यानं गुण सांगावा, असा नेम मी कुठल्या बाजारात ऐकला नव्हता. बैल बघायला आलेला माणूस "मालक, तुमचा बैल तुम्ही समजता त्यापेक्षा लाखमोलाचा आहे, दर वाढवा" असं म्हणाला तर बाजार त्याला वेड्यात काढील. मग मी काय वेगळं केलं?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. पुढं वाचनात आलं, की रोममधल्या सिसेरोनं इसवी सनापूर्वी 44 साली कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हाच प्रश्न आहे. एखादा माणूस सोनं पितळ समजून विकतो आहे. घेणाऱ्याला ते सोनं आहे हे कळलं. भल्या माणसानं त्याला सांगावं, की हजाराची वस्तू एका नाण्यात घेऊन गप्प घरी जावं? त्यावर दोन तत्त्वज्ञांचं भांडण तिथं दिलं आहे. एक म्हणतो, गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे. दुसरा म्हणतो, समोरच्याला जे कळायला हवं ते आपल्या फायद्यासाठी दडवून ठेवणं हे भल्या माणसाचं काम नव्हे. सोन्याच्या जागी बाटली आणि पितळेच्या जागी एरंडेल घातलं, की ती माझीच गोष्ट.

पहिल्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. चाचांनी वीस वर्षं उन्हात बसून ही पारख कमावली. दहा बाटल्यांत ते आठ वेळा फसले तेव्हा त्यांना नुकसान कुणी भरून दिलं नाही. माझ्याही कितीतरी सुट्ट्या त्यात गेल्या. या कष्टाची काहीच किंमत नाही का? ज्याला कळतं त्यानं कळण्याचं काही कमवूच नये म्हटलं, तर कुणी शिकणारच नाही. अन् पारखी माणूस नसता तर ती बाटली एक दिवस किलोच्या भावानं भंगारात फुटली असती.

हे सगळं खरं आहे. बाजारात चाचांच्या समोर दुसरा मुरलेला दुकानदार असेल, तर दोघांनीही गप्प बसावं. तिथं दोघंही नख फिरवायला आले आहेत हे दोघांनाही माहीत असतं. पण आत्ती बाजारात बसली नव्हती. तिनं फळीवर किंमत लावून बाटली ठेवली नव्हती. तिला वाटत होतं आपण भाच्याशी बोलतो आहोत. भाचा मात्र गिऱ्हाईक होऊन बोलत होता. मी गप्प बसलो एवढाच माझा दोष नव्हता. आपण सौदा करतो आहोत, हेच मी तिला कळू दिलं नव्हतं. आणि पारखीच्या मेहनतीचं म्हणाल, तर तिचा मोबदला उघड मागता आला असता. "आत्ती, ही विकून देतो, मला त्यातले दोनशे दे," असं म्हणायला माझी जीभ का उचलली नाही? कारण उघड मागितलं असतं तर दोनशेच मिळाले असते.

मी अठराशे रुपये घेऊन गावी गेलो. आत्तीला सगळं सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना. मग ती घाबरली. "आरं, चोरीची न्हवती ना ती? साहेबानं हातानं दिली हुती ह्यास्नी." मी समजूत घातली. मग तिला राग आला. तो पैशांचा असेल असं मला वाटलं होतं, पण तो पैशांचा नव्हता.

"इकलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या पोटाला तिच्यातलं त्याल लागलंया, म्हणून आठवणीला न्हेतोयास. म्या तुला दिली हुती रं ती, बाजाराला न्हाई."

यावर मला बोलता येईना. पैसे मी तिच्यापुढं ठेवले. तिनं ते सावकाश मोजले, कमरेची पिशवी काढली आणि माझी शंभराची नोट मला परत दिली. "ह्ये तुझं. हिशोब त्यो हिशोब." मी घेवड्याचा विषय काढला, तर म्हणाली, "त्यो माझ्या खुशीचा हुता. त्येचं काय काढतोस?"

सांगून टाकलं की सगळं गोड होतं, असंही नाही. त्यानंतर आत्ती कुठलीच वस्तू सुखानं टाकेना. भंगारवाला आला की फुटका कंदील, पिचलेली परात, बिनबुडाची कढई बाहेर काढून ती दोन-दोन हजार सांगायची. तो हसत निघून जायचा आणि ती मला निरोप धाडायची, "येऊन बघून जा." मी जायचो. नख फिरवून सांगायचो, "आत्ती, हिचं काही येत नाही." त्यावर ती माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघायची. खरं सांगतोय का, हे ताडायची. पूर्वी ती अशी बघत नसे.

बाटल्या मी अजून बघतो, क्वचित घेतोही. बाजारात गोधडीवर बसलेल्या माणसाशी मी घासाघीस करतो आणि मनातलं मनात ठेवतो. पण कुणाच्या घरात, चहा पिऊन झाल्यावर फळीवरची बाटली हातात घेतली, तर आधी सांगतो की ही अमुक सालातली आहे आणि बाजारात हिचे इतके येतील, आता बोला. या पद्धतीनं बऱ्याच चांगल्या बाटल्या हातच्या गेल्या. काहींनी किंमत ऐकल्यावर ती दुसऱ्याला विकली. काहींनी धुऊन-पुसून पुन्हा फळीवर ठेवली.

अठराशे रुपयांचा हिशोब मिटला. शंभराची नोटही माझ्याकडं परत आली. पण तो दोन शेर घेवडा आम्ही त्याच आठवड्यात शिजवून खाल्ला होता आणि चांगला लागला होता. त्याचा हिशोब मात्र मला अजून लागलेला नाही.